मधल्या बोटावरची शाई

आमच्या सातारा जिल्ह्यात फौजी काही नवा नाही, पण फौजीचं मत गावात कसं पोचतं, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं. मागच्या मतदानानंतर बचतगटातल्या एकीच्या दोन बोटांना शाई दिसली. तर्जनीवर तिच्या मताची, मधल्या बोटावर नवऱ्याच्या मताची!

पूर्वी जवानाला मतपत्रिका टपालानं जायची. सरहद्दीवरून ती मोजणीच्या आत परतेलच, याची खात्री नसे. म्हणून २००३ पासून जवानाला आपल्या वतीनं मत द्यायला गावातलं माणूस नेमता येतं. २०१६ पासून मतपत्रिका ऑनलाइन जाते, परत मात्र टपालानंच येते.

कायद्यातली गोम निराळीच. जवानासोबत राहणाऱ्या पत्नीचं नाव सैनिक मतदारांत लागायचं. पण बाई फौजेत असेल, तर सोबत राहणाऱ्या नवऱ्याचं नाही. कायदा १९५० चा, तेव्हा असं कुणाच्या ध्यानीमनी नसावं. २०२१ मध्ये 'पत्नी'च्या जागी 'जोडीदार' आला.

आणि सासरी गावात राहणाऱ्या फौजीच्या बायकोचं नाव? ते गावच्याच यादीत लागतं. आम्ही गटाची यादी तपासली. दोघींची नावं नव्हती. सोमवारी नमुना सहा भरायला तहसीलला जातोय.