संशोधकाची रोजकीर्द

मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें कोणीं शोधलीं, तीं कोठें सांपडलीं व कोणत्या खंडांत छापलीं गेलीं, याविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. तीं शोधणारीं माणसें प्रत्यक्ष लिहीत कशीं व कोणत्या निमित्तानें, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. तो आज विचारण्याचें कारण असें कीं, विद्यापीठांतून संशोधन करणाऱ्या तरुणांची संख्या पुष्कळ वाढली असतांही, जमविलेलीं टिपणें व लिहून झालेला लेख यांमधील अंतर कमी झालेलें आम्हांस दिसत नाहीं. रुमाल सुटतात, मोडीच्या बाळबोध नकला होतात, वह्या भरतात. लेखणी मात्र सर्व साधनें हातीं आल्यावर उचलावयाची म्हणून बाजूस राहते. हा दोष आळसाचा नसून रीतीचा आहे, असें आमचें मत आहे. आणि मागील पिढ्यांची रीत याहून निराळी होती.

ज्या कागदांवर आपण इतिहास उभारतों ते कागदच मुळीं रोजच्या लेखनाचें फळ होत. पेशव्यांच्या फडावरील कारकून जमाखर्च, हुकूम, नेमणुका व देणग्या तारीखवार नोंदवीत गेला, म्हणून गणेश चिमणाजी वाड यांस पेशव्यांच्या रोजनिशींतील उतारे निवडतां आले. मोहीम संपल्यावर एकदम सर्व लिहूं, असें तो कारकून म्हणता तर आपल्या हातीं काय राहतें? दुसऱ्याची रोजकीर्द वर्षानुवर्षें वाचणाऱ्यानें स्वतःची एक ओळही दिवसाकांठीं लिहूं नये, ही गोष्ट थोडी चमत्कारिकच आहे.

आरंभींच्या संशोधकांस लिहितें ठेवलें तें मासिकांनीं. शंकर तुकाराम शाळिग्राम, काशीनाथ नारायण साने व जनार्दन बाळाजी मोडक यांच्या श्रमानें निघालेला 'काव्येतिहाससंग्रह' 1878 पासून 1888 पर्यंत चालला. मासिकाचा अंक ठरल्या वेळीं निघावयाचा. मग बखरीचीं जितकीं पानें शोधून व टीपा देऊन तयार असतील तितकीं छापखान्यांत जात. संपूर्ण बखर निर्दोष होईपर्यंत वाट पाहण्याची सोयच नव्हती.

या रीतीचा सर्वांत शिकण्यासारखा दाखला मिरजेचा. वासुदेवशास्त्री खरे तेथील हायस्कुलांत संस्कृत शिकवीत. पटवर्धनांचें अफाट दप्तर त्यांच्या दृष्टीस पडलें, तेव्हां त्यांच्याजवळ ना मदतनीसांचा फड होता ना सरकारी अनुदान. शाळा सुटल्यावर उरेल तो वेळ एवढेंच भांडवल. 1897 मध्यें त्यांनीं 'ऐतिहासिक लेखसंग्रह' क्रमशः प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, आणि 1924 सालीं ते वारले तोंपर्यंत त्याचे बारा खंड झाले होते. शास्त्रीबोवा नुसतीं पत्रें छापून थांबत नसत. पत्रांस जोडून त्या त्या प्रकरणाची हकीकत सांगणारी प्रस्तावना लिहीत. म्हणजे वाचणें, निवडणें व लिहिणें हीं तीन कामें त्यांच्याकडे एकामागून एक वर्षांच्या अंतरानें येत नव्हतीं. तीं एकाच हप्त्यांत उरकावीं लागत. आजचा शोधविद्यार्थी पहिलीं दोन वर्षें वाचन, तिसरें निवडीस व शेवटचें लेखनास, असा हिशेब मांडतो. तो कागदावर सुबक दिसतो. परंतु लिहावयास बसल्यावांचून आपणांस काय ठाऊक नाहीं हें कळत नाहीं, आणि तें चौथ्या वर्षीं कळून उपयोग काय?

कोल्हापुरासही हा इतिहास परका नाहीं. राजाराम कॉलेजांतील प्रोफेसर विष्णु गोविंद विजापूरकर यांनीं 1894 सालीं येथून 'ग्रंथमाला' हें मासिक काढलें. मोठमोठे ग्रंथ तींतून तुकड्यातुकड्यांनीं वाचकांच्या हातीं पडत. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांचेंही लेखन या मालेंत छापलें गेलें.

राजवाड्यांविषयीं थोडें सावधपणें बोललें पाहिजे, कारण त्यांचें नांव घेऊन आपल्या अव्यवस्थितपणास थोरवी देणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. 1898 पासून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या नांवाचे बावीस खंड ज्यानें काढले, त्यास अव्यवस्थित म्हणणें धाडसाचें आहे. तथापि हेंही खरें कीं, इतिहासावरून व्याकरण, व्याकरणावरून व्युत्पत्ति, तेथून समाजसंस्थांचा उगम, अशी त्यांची बुद्धि सारखी पुढें धांवत राहिली. 31 डिसेंबर 1926 रोजीं धुळ्यास त्यांचा अंत झाला, तेव्हां धातुकोश व नामादिशब्दांचा व्युत्पत्तिकोश छापावयाचे राहिलेच होते. ते प्रकाशांत आले ते धुळ्यांत त्यांच्या नांवानें उभ्या राहिलेल्या संशोधन मंडळाच्या चिकाटीमुळें. राजवाड्यांस मरणोत्तर असें मंडळ लाभलें. सर्वांस तें कोठून लाभणार?

या राजवाड्यांनींच 1910 सालीं खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या सहाय्यानें पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिलें. मंडळाच्या खंडांची व संग्रहाची थोरवी सर्वश्रुत आहे. आम्हांस येथें त्याच्या एका साध्या प्रघाताकडे लक्ष वेधावयाचें आहे. मंडळाच्या सभांत सभासद लहान लहान टिपणें वाचीत: एखादें दानपत्र, एखादी शकावली, एखाद्या मितीचा घोळ. आरंभींच्या वर्षांचीं इतिवृत्तें चाळलीं तर दोन दोन, तीन तीन पानांचे असे शेंकडों मजकूर आढळतात. त्यांतील कित्येक पुढें खोटेही ठरले. तरी ते लिहिले गेले होते म्हणूनच खोटे ठरवितां आले. येत्या सभेस कांहीं वाचावयाचें आहे, ही जाणीव मनुष्यास ज्या रीतीनें लिहावयास बसविते, त्या रीतीनें पांच वर्षांनीं द्यावयाचा प्रबंध बसवीत नाहीं. शिवाय ऐकणारे चारचौघे शंका काढीत. एकटेपणीं लिहिणाऱ्याचें मन ज्या भीतीनें गोठतें, ती भीति अशा सभांत थोडथोडी झिजून जाते.

ज्यांस सभा जवळ नव्हती त्यांनीं टपालाचा आश्रय केला. गोविंद सखाराम सरदेसाई 1889 पासून 1925 पर्यंत बडोद्यास सयाजीरावांच्या चाकरींत होते. राजपुत्रांस इतिहास शिकवितांना काढलेल्या टिपणांतून त्यांची रियासत वाढली. म्हणजे तिचें मूळ उद्यां द्यावयाच्या पाठांत आहे. सर जदुनाथ सरकार यांच्याशीं त्यांचा पत्रव्यवहार जदुनाथांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे 1958 पर्यंत, अर्धशतकाहून अधिक काळ चालला. शंका, मित्या, नव्या कागदांची खबर व एकमेकांच्या लेखनावर परखड टीका, असा त्यांतील मजकूर आहे. निवृत्त होऊन कामशेतास राहिल्यावर, 1930 ते 1934 या अवधींत, सरदेसायांनीं मदतनीसांसह पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग संपादिले. या वेगाची किंमतही पडली: एकाच काळाचे कागद निरनिराळ्या भागांत विखुरले आहेत, आणि अभ्यासकास त्याचा त्रास आजही होतो. परंतु ते भाग न निघण्यापेक्षां असे निघाले हें आम्ही शतपटीनें बरें समजतों. पुढें ऐंशी वर्षें उलटल्यावर याच गृहस्थांनीं मराठ्यांचा इंग्रजी इतिहास तीन खंडांत लिहिला.

महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांची गोष्ट याहून सांगण्यासारखी आहे. मुंबईच्या हायकोर्टांत वकिली करणाऱ्या या पंडितानें 'व्यवहारमयूख' या ग्रंथाची आवृत्ति सिद्ध करितांना, प्रस्तावनेदाखल धर्मशास्त्राच्या वाङ्मयाचा त्रोटक इतिहास जोडावा, असें मनांत आणलें होतें. ती आवृत्ति 1926 सालीं निघाली. प्रस्तावना मात्र वाढत गेली, आणि भांडारकर संस्थेनें 1930 सालीं धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड प्रसिद्ध केला. शेवटच्या, पांचव्या खंडाचा दुसरा भाग 1962 सालचा. एकंदर पृष्ठें साडेसहा हजारांवर. काण्यांनीं आरंभीं पांच खंडांचा संकल्प सोडला असता तर बहुधा पहिलाही झाला नसता. हातीं असलेलें लहान काम पुरें करितां करितां मोठें झालें.

मिरजेचे शिक्षक, बडोद्याचे दरबारी नोकर व मुंबईचे वकील यांपैकीं कोणासही लेखनाकरितां निवांत वेळ मिळालेला नव्हता, हें विसरतां कामा नये.

काण्यांचा शेवटचा भाग निघाला त्याच वर्षीं, 18 नोव्हेंबर 1962 रोजीं, कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठाचें उद्घाटन झालें. त्याचे पहिले कुलगुरु डॉ. आप्पासाहेब पवार हे स्वतः इतिहाससंशोधक होते. ताराबाईकालीन कागदपत्रांचें संपादन त्यांच्या हातून झालें. या विद्यापीठाच्या पूर्वेस, विमानतळाच्या जवळ, करवीर तालुक्यांतील गडमुडशिंगी हें गांव आहे. अशा गांवांतून रोज विद्यापीठांत जाऊन येणारा, पहाटे म्हशींची धार काढून डेअरीस दूध घालणारा शोधविद्यार्थी डोळ्यांपुढें आणावा. दिवाळीच्या सुट्टींत सलग बसून लिहीन, असें तो म्हणतो. ती सुट्टी ऊसतोडीच्या गडबडींत जाते. पीएच्.डी.ची मुदत अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांप्रमाणें कमींत कमी तीन व अधिकांत अधिक सहा वर्षें. 2016 च्या नियमांत प्रबंधापूर्वीं एक लेख प्रसिद्ध करण्याची व दोन निबंध परिषदांत वाचण्याची सक्ती होती. 2022 मध्यें आयोगानें ती काढून टाकली. तिच्यापायीं पैसे घेऊन वाटेल तें छापणाऱ्या नियतकालिकांचें पीक आलें होतें, तेव्हां ती गेल्याचें आम्हांस दुःख नाहीं. मात्र तिच्याबरोबर लहान लेखन करावयास लावणारें बाहेरचें एक निमित्तही गेलें, आणि त्याच्या जागीं दुसरें कांहीं आलेलें नाहीं.

यांत केवळ पदवीचा प्रश्न नाहीं. पाटील-कुलकर्ण्यांच्या घरचे रुमाल माळ्यावर वाळवीच्या तोंडीं आहेत. एखादा विद्यार्थी ते एकदां वाचतो, नक्कल करितो आणि नोकरीस लागतो. वही ट्रंकेंत जाते. दहा वर्षांनीं मूळ कागद नाहींसा झालेला असतो व वहींतील अक्षर दुसऱ्यास लागत नाहीं.

यास्तव विभागाविभागांतून, आणि जमल्यास गांवच्या वाचनालयांतही, पंधरवड्याची सभा पुन्हां चालू व्हावी, अशी आमची सूचना आहे. गडमुडशिंगीसारख्या ठिकाणीं पांचसहा जण जमले तरी ती सभाच होय. प्रत्येकानें आदल्या पंधरवड्यांत पाहिलेल्या एका कागदावर दोन पानें लिहून आणावीं: कागद कोणाच्या घरचा, लांबीरुंदी किती, शिक्का कोणता, मायना व मिति काय, मजकुराचा सारांश, आणि न लागलेले शब्द. निष्कर्ष नसला तरी चालेल. वाचून झाल्यावर टिपणाची एक प्रत वाचनालयांत ठेवावी, व न लागलेल्या शब्दांची यादी पुढील सभेपर्यंत भिंतीवर लावून ठेवावी.