स्थूलतेवर आहारतक्त्यापेक्षा पाठपुरावा मोलाचा. जीवनशैली मार्गदर्शन कार्यक्रम काय साधतात?

जबलपूर : वजन कमी करण्याचा सल्ला सर्वांनाच मिळतो, तो वर्षभर पाळण्यासाठीची साथ मात्र थोड्यांनाच लाभते. प्रौढांसाठीचे जीवनशैली मार्गदर्शन कार्यक्रम ही उणीव भरून काढण्यासाठी आखले जातात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१५-१६ ते २०१९-२१ या काळात मध्य प्रदेशात जादा वजन किंवा स्थूलता असलेल्या महिलांचे प्रमाण १३.६ वरून १६.६ टक्क्यांवर, तर पुरुषांचे १०.९ वरून १५.६ टक्क्यांवर गेले. महाराष्ट्रात २०१९-२१ मध्ये हे प्रमाण अनुक्रमे २३.४ आणि २४.७ टक्के होते. सर्वेक्षणात बॉडी मास इंडेक्सची मर्यादा २५ धरली जाते. भारतीयांमध्ये कमी वजनावरही मधुमेहाचा धोका वाढतो. त्यामुळे येथील तज्ज्ञ २३ पासूनच सावधगिरीचा इशारा देतात. कंबरेचा घेर पुरुषांसाठी ९० आणि महिलांसाठी ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावा, असा निकष आहे.

कार्यक्रमाचे स्वरूप

अशा कार्यक्रमांचा पाया अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंध अभ्यासाने घातला. ३,२३४ जणांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. वजनात ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम, एवढेच उद्दिष्ट होते. प्रत्येकाला स्वतंत्र मार्गदर्शक आणि १६ पाठांचा अभ्यासक्रम देण्यात आला. या गटात मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन औषध घेणाऱ्या गटात ही घट ३१ टक्के होती.

मार्गदर्शकाचे काम मनाई करण्याचे नसते. जबलपूरकरांची पोहे-जिलबीची न्याहारी किंवा प्रसिद्ध खव्याची जिलबी कायमची बंद करण्याचे फर्मान फार काळ टिकत नाही. किती खावे, आठवड्यातून किती वेळा खावे आणि त्या दिवशी उर्वरित आहार कसा असावा, हे व्यक्तीबरोबर बसून ठरवले जाते. खाल्लेल्या पदार्थांची नोंद, ठरावीक अंतराने वजन आणि पुढील भेटीत त्याचा आढावा, ही त्याची साधने.

भारतीय अनुभव

चेन्नईतील ५३१ जणांच्या भारतीय मधुमेह प्रतिबंध अभ्यासात (२००६) आहार-व्यायामाच्या मार्गदर्शनामुळे मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला. विशेष म्हणजे, सहभागींच्या वजनात लक्षणीय घट झालेली नसतानाही हा लाभ दिसला. काटा हलला नाही म्हणून प्रयत्न वाया गेले, असे मानणे त्यामुळे योग्य ठरत नाही.

मर्यादाही स्पष्ट आहेत. केरळमध्ये १,००७ जणांसाठी स्थानिक गटप्रमुखांच्या साह्याने वर्षभर बैठका झाल्या. त्यातून आहाराच्या सवयी सुधारल्या, तरी दोन वर्षांनंतर मधुमेहाच्या प्रमाणातील फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक नव्हता. अमेरिकेत मधुमेही रुग्णांवरील ‘लुक अहेड’ अभ्यासात पहिल्या वर्षी सरासरी ८.६ टक्के वजन घटले. आठव्या वर्षी ही घट ४.७ टक्के उरली. हृदयविकाराचे प्रमाण मात्र त्यामुळे कमी झाले नाही.

सरकारी यंत्रणा

असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ३० वर्षांवरील प्रत्येकाची तपासणी अपेक्षित आहे. आशा कार्यकर्ती घरी येऊन भरत असलेल्या अर्जात कंबरेचा घेर आणि आठवड्यातील १५० मिनिटांच्या शारीरिक हालचालींची नोंद असते. पुढील तपासणी व समुपदेशनासाठी आयुष्मान आरोग्य मंदिरे आणि जिल्हा रुग्णालये आहेत. जबलपूरच्या ओमती परिसरातील सेठ गोविंददास जिल्हा रुग्णालय, म्हणजेच ‘व्हिक्टोरिया’, याच साखळीचा भाग आहे. तपासणी एका दिवसात होते. समुपदेशनासाठी त्याच व्यक्तीने पुन्हा पुन्हा येणे आणि समोर तिला ओळखणारा कर्मचारी असणे आवश्यक असते. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात नेमके हेच कठीण जाते.

निवड कशी करावी?

खासगी कार्यक्रमात नाव नोंदवण्यापूर्वी काही प्रश्न विचारावेत. मार्गदर्शकाची पात्रता काय? भेटी किती महिने चालतील? वजन पुन्हा वाढल्यास पुढे काय? महिन्याभरात मोठ्या घटीची हमी किंवा विशिष्ट पावडर घेण्याची सक्ती असल्यास दूर राहणे श्रेयस्कर. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, तसेच गर्भवतींनी डॉक्टरांच्या सल्ल्याविना आहार बदलू नये. २०२५ पासून भारतात उपलब्ध झालेली वजन घटवणारी साप्ताहिक इंजेक्शनेही आहार-व्यायामाच्या जोडीनेच देणे अपेक्षित आहे.