तुकडीतला पांढरा दाणा

महादेवपुऱ्यातल्या मराठी घरात सुरमई येते ती बहुधा तुकड्या होऊनच. मंगळूर किंवा मलपे बंदरातून बर्फात घाट चढून ती बेंगळूरला पोहोचते. डोके, कल्ले, आतडी वाटेत कुठेतरी राहून जातात, आणि आपल्या हाती फक्त मांस पडते. अशा तुकडीत कधी तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी गाठ सापडली की मन विटते. ती टाकून देण्याआधी वाचकांनी थोडे थांबावे, एवढीच या प्रस्तावनेची विनंती आहे.

बशीत पाणी घ्या आणि सुईच्या टोकाने ती गाठ अलगद सोडवा. आत पातळ पिशवी असेल आणि त्या पिशवीत चिवट, पांढरी अळी. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या डोक्याशी चार सोंडा दिसल्या आणि प्रत्येक सोंडेवर बारीक आकड्यांच्या रांगा असल्या, तर ती ट्रायपॅनोरिंका गटातल्या पट्टकृमीची अळी समजावी. माशाच्या स्नायूत ती नुसती वाट पाहत असते. तिला पोहोचायचे असते मुशीच्या किंवा पाकटाच्या आतड्यात, कारण वयात यायचे तर तिथेच. मुशीने हा मासा गिळला तर तिचा प्रवास पुरा होतो. आपण तो शिजवून खाल्ला तर तिथेच संपतो. माणसाच्या पोटात ती वाढत नाही.

मुशी-पाकटांच्या आतड्यातल्या प्रौढ पट्टकृमींवर मोठे काम झाले ते समुद्रापासून दूर, औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात. प्रा. जी. बी. शिंदे आणि प्रा. बी. व्ही. जाधव यांनी रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या माशांतून कृमी गोळा करून नव्या जाती वर्णिल्या. पठारावरच्या प्रयोगशाळेतून अरबी समुद्र वाचणाऱ्या या परंपरेचा मराठी वाचकाला अभिमान वाटायला हवा. तिची ओळख मात्र आपल्याकडे फारच थोड्यांना आहे.

सगळेच पाहुणे डोळ्यांना दिसत नाहीत. कुडोआ हा सूक्ष्मजीव स्नायूतंतूंच्या आत राहतो. मासा जिवंत असेपर्यंत सहसा काही जाणवत नाही; मेल्यावर मात्र त्याची विकरे मांस विरघळवतात आणि चांगली दिसणारी तुकडी काही तासांत पिठाळ, लिबलिबीत होते. ग्राहक शिळ्या मालाचा दोष देतो, विक्रेता बर्फाचा. 1947 मध्ये कुडो या शास्त्रज्ञाच्या नावावरून या वंशाचे नाव ठेवले गेले. पुढे 2015 मध्ये याच वंशातल्या एका जातीचा जनुकसंच तपासला गेला आणि हा जीव जेलीफिशच्या गोतावळ्यातला असल्याचे पक्के झाले. या विषयातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट हीच.

खरी काळजी घ्यायची ती अ‍ॅनिसाकिसची. या गोलकृमीचे प्रौढ देवमासे आणि डॉल्फिनांच्या जठरात राहतात, अळ्या माशांच्या आतड्यांभोवती. मासा मेल्यावर काही अळ्या मांसात शिरतात. म्हणून पोट लवकर साफ करण्याला महत्त्व. जिवंत अळी पोटात गेली तर तीव्र कळा येतात, आणि काहींना मेलेल्या अळीचीही अ‍ॅलर्जी होते. आपले कालवण चांगले उकळते, त्यात अळी टिकत नाही. प्रश्न येतो तो सुशीसारख्या कच्च्या पदार्थांचा. त्यासाठी अमेरिकेचा नियम उणे 20 अंश सेल्सिअसला 7 दिवस गोठवण्याचा आहे. घरचा फ्रीजर साधारण उणे 18 अंशांवर चालतो, तेव्हा त्याच्या भरवशावर घरी सुशी करू नये.

या विषयात शिरताना लॅटिन नावांनी दबून जाऊ नका. प्रत्येक कृमीबद्दल आधी एवढेच विचारा: हा आला कोणाच्या पोटातून आणि निघाला कोणाच्या पोटात? नावे मग आपोआप लक्षात राहतात. आणि जमेल तेव्हा मासेवाल्याकडे न चिरलेला बांगडा मागा. घरी त्याचे पोट उघडून यकृतावर, आतड्यांच्या पापुद्र्यावर घड्याळाच्या स्प्रिंगेसारखी चपटी वेटोळी दिसतात का ते पाहा, आणि मगच पुढचे पान उलटा.