जिवंत पेशीतील कॅल्शियमचे मापन : साधन आणि ढवळाढवळ

लंडन येथील वैद्य सिडनी रिंगर यांनी १८८२ साली बेडकाच्या हृदयावर केलेल्या प्रयोगांत क्षारांचे द्रावण नळाच्या पाण्यात केले होते. त्या द्रावणात हृदय दीर्घकाळ स्पंदत राहिले. पुढे तेच द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात करताच स्पंदने क्षीण होऊन थांबली. नळाच्या पाण्यातील कॅल्शियमचा हा प्रभाव होता, हे रिंगर यांनी १८८३ साली स्वतःच्या आधीच्या निष्कर्षात दुरुस्ती करून जाहीर केले. प्रयोगाचे साधन उत्तरात निमूटपणे मिसळून जाते, हा धडा कॅल्शियमच्या इतिहासात असा आरंभीच मिळाला. पुढील शतकात तो पुन्हा गिरवावा लागला.

१९४७ साली हाइलब्रुन व व्हीयेरचिन्स्की यांनी स्नायुतंतूत निरनिराळ्या क्षारांची द्रावणे टोचली, तेव्हा कॅल्शियमनेच तंतू आखडला. कॅल्शियम पेशीच्या आत कार्य करते, हे यावरून दिसले. परंतु ते तेथे किती असते, हे कळेना. पेशी चिरडून पृथक्करण केल्यास एकूण कॅल्शियम कळते. त्यातील बहुतांश प्रथिनांना बांधलेले अथवा पेशीतील कोठारांत साठवलेले असते. कार्यकारी असा मुक्त अंश विश्रांत पेशीत लिटरमागे सुमारे १०० नॅनोमोल, म्हणजे पेशीबाहेरील प्रमाणाच्या सुमारे दहा हजारांश एवढाच असतो. तो मोजावयाचा तर पेशी जिवंत व अभंग राहणे अवश्य होते.

पहिले साधन समुद्राने पुरविले. शिमोमुरा, जॉन्सन व सैगा यांनी १९६२ साली एका जेलीफिशपासून एक्वोरिन हे प्रथिन वेगळे केले. कॅल्शियमच्या स्पर्शाने ते निळसर प्रकाश देते. रिजवे व अॅश्ली यांनी १९६७ साली ते बार्नेकल या समुद्रजीवाच्या जाड स्नायुतंतूत टोचून आकुंचनापूर्वीची कॅल्शियमची चढउतार टिपली. तथापि सुईचा घाव सोसणाऱ्या प्रचंड पेशींपुरतीच ही पद्धती मर्यादित राहिली. रक्तातील लसीकापेशीसारख्या सूक्ष्म पेशी तिच्या आवाक्याबाहेर होत्या.

ही अडचण केंब्रिज येथे रॉजर त्सिएन यांनी दूर केली. कॅल्शियमला घट्ट पकडणाऱ्या ईजीटीए या संयुगाच्या रचनेत त्यांनी सुगंधी वलये बसविली. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या या संयुगांपैकी क्विन-२ हे अनुस्फुरक होते : अतिनील प्रकाश शोषून ते दृश्य प्रकाश परत देई, आणि कॅल्शियम बांधले गेले की ही दीप्ती वाढे. विद्युद्भारामुळे हा रंजक पेशीपटलातून आत जाईना. म्हणून १९८१ साली त्सिएन यांनी त्याचे भार एस्टर-गटांनी झाकले. असा झाकलेला रेणू सहज आत शिरतो. आत पेशीचीच वितंचके ते आवरण तोडतात, आणि उघडा पडलेला रंजक आतच अडकतो. सुई अनावश्यक ठरली. १९८२ साली त्सिएन, पोझ्झान व रिंक यांनी लसीकापेशींतील मुक्त कॅल्शियम सुमारे १२० नॅनोमोल असल्याचे दाखविले.

परंतु नळाच्या पाण्याचा धडा येथे पुन्हा पुढे आला. क्विन-२ ची दीप्ती मंद असल्याने तो भरपूर भरावा लागे; आणि कॅल्शियम दाखविणारा रेणू ते धरूनही ठेवीत असल्याने, मोजावयाची लाटच तो शोषून घेई. शिवाय दीप्ती कमी दिसली, तर कॅल्शियम कमी की रंजक कमी, हे सांगता येत नसे. १९८५ साली ग्रिन्कीविच, पोनी व त्सिएन यांनी सादर केलेल्या फ्युरा-२ ने या दोन्ही दोषांवर इलाज केला. तो पुष्कळ तेजस्वी असल्याने थोडाच पुरे. कॅल्शियम बांधले असता ३४० नॅनोमीटर प्रकाशाने उत्पन्न होणारी त्याची दीप्ती वाढते, तर ३८० नॅनोमीटर प्रकाशाने होणारी घटते. या दोहोंच्या गुणोत्तरात रंजकाचे प्रमाण व पेशीची जाडी यांचा हिशेब आपोआप सुटतो.

तरीही रंजकाची पकड नाहीशी झाली नव्हती. १९९२ साली नेहेर व ऑगस्टीन यांनी अधिवृक्क ग्रंथीतील क्रोमॅफिन पेशींवर काम करताना तिचाच उपयोग करून घेतला. फ्युरा-२ चे प्रमाण वाढेल तसतशी कॅल्शियमची लाट किती बदलते, हे पाहून पेशीची स्वतःची प्रथिने किती कॅल्शियम धरतात याचा अंदाज त्यांनी बांधला. रंजक शून्य असता लाट कशी असेल, याचे अनुमानही त्यातूनच निघते. मापनाचा दोष येथे मापनाचे साधन झाला.

१९९७ च्या कॅमेलिऑन व २००१ च्या जीसीएएमपी या जनुकनिर्मित दर्शकांनी प्राण्याच्या मेंदूतील पेशीही न्याहाळण्याची वाट मोकळी केली. परंतु हे दर्शकही कॅल्शियम बांधूनच बोलतात. म्हणून पेशीतील कॅल्शियमचा कोणताही आकडा वाचताना, तो कोणत्या साधनाने व त्या साधनाच्या किती प्रमाणाने मिळाला, हे विचारणे हा अभ्यासाचाच भाग होय. रिंगर यांनी आपल्या पाण्याविषयी हाच प्रश्न विचारला होता.