मज्जारज्जूची दुसरी इजा

मज्जारज्जूला इजा होते ती दोन टप्प्यांत. अपघाताच्या क्षणी मणका मोडतो किंवा सरकतो आणि आतला रज्जू चेचला जातो. ही पहिली इजा. त्यानंतर सूज येते, रक्तपुरवठा खालावतो आणि आधी वाचलेल्या पेशीही मरू लागतात, ही दुसरी. पहिली इजा परतवता येत नाही. म्हणून या दुखापतीवरील उपचारांचा बराचसा इतिहास हा नंतरचे नुकसान रोखण्याचा इतिहास आहे.

प्राचीन इजिप्तमधल्या वैद्यकीय पपायरसात अशा रुग्णाची लक्षणे अचूक नोंदवली आहेत आणि हा आजार उपचारापलीकडचा असल्याचा निर्वाळाही दिला आहे. पहिल्या महायुद्धापर्यंत परिस्थिती फारशी पालटली नव्हती. कमरेखाली लुळे पडलेले बहुतेक सैनिक पाठीवरच्या जखमा आणि मूत्रमार्गातला जंतुसंसर्ग यांनी दगावत. १९४४ मध्ये लुडविग गुटमान यांनी इंग्लंडमधील स्टोक मँडविल येथे खास विभाग सुरू केला. रुग्णाला रात्रंदिवस दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे, मूत्राशयाची काटेकोर स्वच्छता राखायची आणि लवकरात लवकर त्याला खेळाकडे, कामाकडे वळवायचे, ही त्यांची पद्धत. १९४८ मध्ये तिथे भरलेल्या स्पर्धांतूनच पुढे पॅरालिम्पिक उभे राहिले.

महाराष्ट्रात हा विचार लष्करी आणि नागरी अशा दोन्ही वाटांनी रुजला. मुंबईत हाजी अली येथे १९५५ मध्ये अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था निघाली. पुण्याजवळ खडकीला १९७४ मध्ये जायबंदी जवानांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र उभे राहिले. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले होते. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवले. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था काढली. उत्तम शुश्रूषा आणि पुनर्वसन मिळाले तर माणूस जगतो, कमावतो, इतरांना उभे करतो, हे या कामाने सिद्ध केले. रज्जूच्या आतले नुकसान मात्र तसेच राहत होते.

त्याचा माग १९११ पासून लागतो. अमेरिकेतील आल्फ्रेड रेजिनाल्ड अ‍ॅलन यांनी कुत्र्यांच्या मज्जारज्जूवर ठरावीक उंचीवरून वजन टाकून इजा केली. इजेनंतर साचलेले रक्त व द्रव लवकर काढून टाकले, तर प्राणी अधिक सुधारत. आघातानंतर काहीतरी घातक रसायन तयार होत असावे, असा तर्क त्यांनी मांडला. १९९० मध्ये मेथिलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आठ तासांच्या आत दिल्यास लाभ होतो, असे एका मोठ्या अमेरिकी चाचणीने जाहीर केले. पुढे त्याच्या लाभाबद्दल आणि दुष्परिणामांबद्दल शंका वाढल्या आणि २०१३ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी ते न वापरण्याचा सल्ला दिला.

दरम्यान लक्ष तंतुकणिकेकडे, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाकडे, वळले होते. चेतापेशीला सतत ऊर्जा लागते आणि तिचा मुख्य पुरवठा तंतुकणिका करतात. इजा होताच ग्लुटामेटचा अतिरेक होतो आणि कॅल्शियम पेशीत घुसते. ते शोषता शोषता तंतुकणिकेच्या पडद्यातली छिद्रे उघडतात, ऊर्जानिर्मिती ढासळते, घातक ऑक्सिजन रेणू बाहेर पडतात आणि पेशी मरणाच्या वाटेला लागते. एका पेशीतून सांडलेले हे विष शेजारच्या पेशींनाही बाधते.

संशोधनाच्या आज ठळक तीन दिशा दिसतात. पहिली, औषधांनी तंतुकणिकांचे रक्षण करण्याची. अ‍ॅसिटिल-एल-कार्निटिन आणि एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन अमाइड यांनी उंदरांवरील प्रयोगांत चांगले परिणाम दाखवले. दुसरी, निरोगी तंतुकणिका बाहेरून पुरवण्याची. केंटकी विद्यापीठातील गटाने २०१८ मध्ये उंदरांच्या इजा झालेल्या रज्जूत त्या टोचल्या. सुरुवातीच्या काळात ऊर्जानिर्मिती टिकली, पण हालचालीत दीर्घकालीन सुधारणा झाली नाही. मूळपेशी आपल्या तंतुकणिका शेजारच्या पेशींना देतात, हेही आता माहीत झाले आहे. दिल्लीच्या जीनोमिकी व समवेत जीवविज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१४ मध्ये फुप्फुसांच्या पेशींवर काम करून या देवघेवीत ‘मिरो-१’ प्रथिनाची भूमिका दाखवली. तिसरी दिशा वाहतुकीची. तंतुकणिकांना जागी जखडून ठेवणारे ‘सिंटाफिलिन’ नसलेल्या उंदरांत तुटलेले चेतातंतू अधिक वाढतात, असे २०२० च्या अमेरिकी अभ्यासात आढळले.

यांपैकी मज्जारज्जूच्या दुखापतीसाठी मान्य झालेला उपचार अजून एकही नाही. शिवाय दुसऱ्या इजेवरील बहुतेक उपाय पहिल्या काही तासांवर बेतलेले आहेत. भंडारा जिल्ह्यातील करडीसारख्या गावात कुणी झाडावरून किंवा छपरावरून पडले, तर त्याला आधी भंडारा आणि पुढे साठेक किलोमीटरवरचे नागपूर गाठावे लागते. म्हणून औषध येईपर्यंत, आणि आल्यावरही, पहिले काम गावातच होते: रुग्णाला उठवून बसवायचे नाही, हातपाय धरून उचलायचे नाही, मान आणि पाठ सरळ ठेवून सपाट फळीवर निजवूनच हलवायचे.