जामिया की मानू? विषय न ठरलेल्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी माहिती

बारावीचा निकाल लागला की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात, पुसद-उमरखेड असो, दिग्रस-दारव्हा असो की वणी-पांढरकवडा, घराघरांत एकच चर्चा सुरू होते. पुढे काय? ज्याचं डॉक्टर किंवा इंजिनिअर व्हायचं ठरलेलं आहे, त्याची वाट ठरलेली असते. खरी अडचण असते ती मार्क बरे, पण विषय न ठरलेल्या मुलांची. अशा वेळी मामू किंवा खालूंपैकी कुणीतरी सांगतं, "दिल्लीला जामियात टाका." दुसरं कुणी म्हणतं, "हैदराबाद जवळ आहे, मानूत जाऊ द्या." दोन्ही सल्ले चांगल्या मनाने दिलेले असतात, पण दोन्ही विद्यापीठं एकसारखी नाहीत. म्हणून हा लेख.

दोन्ही विद्यापीठांची ओळख

जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढला झाली. असहकार आणि खिलाफत चळवळीच्या काळात, इंग्रज सरकारच्या मदतीवर न चालणारी तालीम हवी या विचारातून ती उभी राहिली. १९२५ मध्ये जामिया दिल्लीला आली. पुढे राष्ट्रपती झालेले डॉ. झाकिर हुसेन यांनी १९२६ ते १९४८ अशी बावीस वर्षं ती सांभाळली. १९८८ मध्ये संसदेच्या कायद्याने तिला केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

मौलाना आझाद नॅशनल उर्दू युनिव्हर्सिटी, म्हणजे आपण ज्याला मानू म्हणतो ते, १९९८ मध्ये हैदराबादला सुरू झालं. तेही केंद्रीय विद्यापीठच आहे. उर्दू माध्यमातून उच्च शिक्षण देणं हाच त्याच्या स्थापनेचा उद्देश आहे. हैदराबादला ही परंपरा जुनी आहे. १९१८ मध्ये तिथे उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं, तेव्हा त्याचं माध्यम उर्दूच होतं.

पहिला प्रश्न: माध्यम

पालक सर्वांत आधी फी विचारतात. माझ्या मते आधी माध्यम विचारावं.

मानूमध्ये प्रवेशासाठी विद्यार्थ्याने उर्दू विषय किंवा उर्दू माध्यम घेऊन परीक्षा पास केलेली असावी लागते, किंवा मान्यताप्राप्त मदरशाची सनद असावी लागते. आपल्याकडे मराठी माध्यमात शिकणारी मुस्लिम मुलं पुष्कळ आहेत. त्यांना घरी उर्दू बोलता येतं, पण मार्कशीटवर उर्दू नसतं. त्यांनी फॉर्म भरण्याआधी ही अट नीट वाचावी.

जामियात अशी अट नाही. उर्दू, हिंदी, मराठी कुठल्याही माध्यमातलं मूल तिथे अर्ज करू शकतं. मात्र तिथलं शिकवणं आणि पुस्तकं मुख्यतः इंग्रजीत असतात. पहिली ते बारावी उर्दू किंवा मराठीत शिकलेलं हुशार मूल पहिल्या वर्गात गप्प बसतं, ते अक्कल कमी म्हणून नाही, तर भाषा नवी म्हणून. पहिलं सेमिस्टर जड जाणार हे घरच्यांना आधीच माहीत असलं, तर नोव्हेंबरमध्ये "बेटा, वापस आ जा" असा फोन जात नाही.

आता उलट बाजू. मानूत मूल लवकर रुळतं, पण नोकरीच्या मुलाखतीत इंग्रजी लागतंच. तिथे जाणाऱ्याने पहिल्या दिवसापासून इंग्रजीची वेगळी तयारी ठेवावी.

विषय ठरला नसेल तर

जामियात पर्याय जास्त आहेत. कला, विज्ञान, वाणिज्य, इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर, पाच वर्षांचं लॉ, फिजिओथेरपी, दंतवैद्यक, फाइन आर्ट्स, शिक्षणशास्त्र. १९८२ मध्ये सुरू झालेलं तिथलं मास कम्युनिकेशन केंद्र देशभर नावाजलेलं आहे. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. तिथे प्रत्येक कोर्सचा अर्ज वेगळा असतो. "आधी आत जाऊ, मग विषय बदलू" हा हिशोब चालत नाही.

मानूत बीए, बीकॉम, बीएससी, कॉम्प्युटर सायन्सचं बीटेक, पॉलिटेक्निक, डीएलएड, बीएड, पत्रकारिता असे कोर्स आहेत. संख्या कमी, पण शिक्षक व्हायचं असेल तर ही जागा फार उपयोगाची. आपल्या जिल्हा परिषदेच्या आणि खाजगी उर्दू शाळांना उर्दूतून शिकवू शकणारे शिक्षक लागतात. मानूचं शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालय औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरलाही आहे. बीएडसाठी थेट हैदराबादच गाठलं पाहिजे असं नाही.

नव्या शैक्षणिक धोरणात न ठरलेल्या मुलांसाठी एक सोय आहे. एक वर्ष पूर्ण केलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. मिळवलेले क्रेडिट अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात. ही सोय प्रत्येक कोर्सला लागू असतेच असं नाही. प्रवेश घेताना त्या कोर्सचं विचारून घ्या.

प्रवेश कसा होतो

जामियाचे काही कोर्स सीयूईटीतून भरतात, बरेचसे तिच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षेतून. बीटेकसाठी जेईई मेन, दंतवैद्यकासाठी नीट लागते. इथे दरवर्षी मुलं चुकतात. फक्त सीयूईटीचा फॉर्म भरून थांबतात. सीयूईटीवाल्या कोर्ससाठीही जामियाच्या पोर्टलवर वेगळा फॉर्म भरावा लागतो. हे फॉर्म साधारणपणे बारावीच्या निकालाआधीच निघतात, म्हणून निकालाची वाट बघत बसू नये.

सीयूईटीचा पेपर मराठी आणि उर्दूसह १३ भाषांतून देता येतो. २०२५ पासून जास्तीत जास्त पाच विषय घेता येतात. प्रत्येक पेपरात ५० प्रश्न, ६० मिनिटं. बरोबर उत्तराला पाच गुण, चुकीला एक गुण वजा. बारावीला नसलेला विषयही निवडता येतो.

मानूत काही कोर्सना प्रवेश परीक्षा आहे, तर अनेक कोर्सना मेरिटवर प्रवेश मिळतो. ज्याची सीयूईटी सुटली, त्याच्यासाठी ही वाट उघडी राहते.

जामियाला २०११ मध्ये अल्पसंख्याक संस्थेचा दर्जा मिळाला. त्यानुसार ५० टक्के जागा मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी आहेत: ३० टक्के मुस्लिम, १० टक्के मुस्लिम महिला आणि १० टक्के मुस्लिम ओबीसी व एसटी. ओबीसीतून अर्ज करणाऱ्यांनी राज्याच्या दाखल्यावर विसंबू नये. केंद्र सरकारच्या नमुन्यातलं नॉन-क्रिमीलेअर तहसील किंवा सेतू केंद्रातून वेळेत काढून ठेवावं.

आखातात नोकरी करणाऱ्या कुटुंबांनीही लक्षात घ्यावं. जामियात परदेशी नागरिक आणि अनिवासी भारतीयांच्या मुलांसाठी वेगळ्या जागा असतात. त्यांची फी बरीच जास्त असते. सर्वसाधारण जागेवर मूल बसत असेल तर आधी तो प्रयत्न करावा.

खर्च, राहणं आणि अंतर

दोन्ही केंद्रीय विद्यापीठं असल्यामुळे नियमित कोर्सची फी खाजगी कॉलेजांपेक्षा खूप कमी आहे. जामियाच्या सेल्फ फायनान्स कोर्सची फी मात्र वेगळी आणि जास्त असते. घरचं बजेट हलवतं ते राहणं-खाणं. जामियात हॉस्टेल मागणीपेक्षा कमी पडतं, मग मुलं बाटला हाऊस, झाकिर नगर भागात खोली घेतात. मानूचा कॅम्पस सुमारे २०० एकरांचा आणि आयटी कंपन्यांच्या भागात आहे. आत हॉस्टेल मिळालं तर खर्च आटोक्यात राहतो. बाहेर गच्चीबावलीत भाडं स्वस्त नाही. दोन्हीकडे प्रवेश मिळाला म्हणजे हॉस्टेल मिळालं असं समजू नका.

अंतरात हैदराबाद सोपं. पांढरकवड्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आदिलाबाद, निर्मल करत सरळ हैदराबादला जातो. आदिलाबादहून हैदराबाद साधारण ३०० किलोमीटर. दिल्लीसाठी आधी नागपूर गाठायचं आणि तिथून रेल्वेने साधारण १,१०० किलोमीटर. मुलीला पाठवताना घरात हाच मुद्दा सर्वांत मोठा होतो. माझी विनंती इतकीच की "दूर आहे" म्हणून विषय बंद करण्याआधी एक फेरी मारून या. हॉस्टेल बघा, वॉर्डनशी बोला, तिथे शिकणाऱ्या मुलींना विचारा. मग हो म्हणा किंवा नाही म्हणा.

राज्य सोडताना काय सुटतं

हा हिशोब फार थोडे पालक करतात. महाडीबीटीवरच्या बहुतेक शिष्यवृत्त्या महाराष्ट्रातल्या मान्यताप्राप्त कॉलेजांसाठी आहेत. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी गटातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक कोर्समध्ये शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तेही राज्यातल्या संस्थांमध्ये आणि शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून. आपल्या अनेक बिरादऱ्या ओबीसीत येतात. अमरावती किंवा नागपूरला फुकट होणारं शिक्षण सोडून दिल्लीला जायचं, तर त्याचं कारण पक्कं असावं. शिवाय पुढे महाराष्ट्रात प्रवेश घेताना काही प्रक्रियांत पदवी कुठून घेतली हेही पाहतात.

मग कुणी कुठे जावं?

उर्दू माध्यम, शिक्षक किंवा पत्रकार होण्याची ओढ, घरापासून फार लांब नको, प्रवेश परीक्षेची धास्ती: मानू बघा.

इंग्रजीशी झुंजायची तयारी, लॉ, मीडिया, इंजिनिअरिंग किंवा स्पर्धा परीक्षेकडे कल: जामिया बघा. तिथल्या निवासी कोचिंग अकादमीत अल्पसंख्याक, एससी, एसटी आणि महिला उमेदवारांना पदवीनंतर यूपीएससीची मोफत तयारी करता येते.

मराठी माध्यम, मार्कशीटवर उर्दू नाही: मानूचा पर्याय जवळपास बंद समजा आणि जामियासोबत आपलं अमरावती विद्यापीठही यादीत ठेवा.

अजूनही ठरत नसेल तर दोन्हीकडे फॉर्म भरा आणि सोबत जिल्ह्यातल्या एका कॉलेजात जागा हातात ठेवा. मूळ कागदपत्रं देण्याआधी प्रवेश रद्द करण्याचे आणि फी परतीचे नियम वाचा, टीसीच्या पाच-सहा झेरॉक्स काढून ठेवा. आणि शेवटचा निर्णय घेताना मूल समोर बसलेलं असू द्या. तिथे जाऊन तीन-चार वर्षं त्यालाच काढायची आहेत.