अडीच हजारांचं कपाट

गेल्या महिन्यात शनिवार-रविवारचा माझा एकच उद्योग होता, ठाण्यात भाड्याचं घर शोधणे. नौपाड्यात एक वन बीएचके बऱ्यापैकी आवडला. एजंट जिना उतरता उतरता म्हणाला, "सर, दोन ऑप्शन आहेत. एक लाख डिपॉझिट, बावीस हजार भाडं. नाहीतर हेवी डिपॉझिट करा. पंधरा लाख द्या, भाडं फक्त दहा. ओनरला पैशांची जरा गरज आहे."

मी तिथेच मोबाईलवर आकडेमोड केली. महिन्याला बारा हजार वाचतात, म्हणजे वर्षाला १ लाख ४४ हजार. डिपॉझिट चौदा लाखांनी जास्त. दहा टक्क्यांहून थोडं वरच पडतं. कुठली बँक एवढं देते? मनातल्या मनात मी फ्रिज कुठे ठेवायचा ते पण ठरवून टाकलं. मग तो म्हणाला, "अ‍ॅग्रीमेंटमध्ये तीन लाख दाखवू. बाकीचे बारा हातउसने म्हणून वेगळ्या कागदावर. सगळे असंच करतात."

रात्री बाबांना फोन केला, कारण पंधरातले आठ त्यांच्याकडून घ्यायचे होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे कपाटच की रे."

आमच्या घरातलं हे कपाट मी लहानपणापासून बघत आलोय. सागवानी, एका दाराला तडा गेलेला आरसा, खालचा खण कधीच नीट बंद होत नाही. ते आजोबांनी अडीच हजारांना घेतलं होतं, १९५८ साली, ही मात्र मला नवीन बातमी होती. आजोबा तेव्हा एका गिरणीच्या ऑफिसात कारकून, पगार दीडशेच्या आसपास. म्हणजे सव्वा वर्षाहून जास्त पगार एका फुटक्या कपाटाला!

अर्थात ते पैसे कपाटाचे नव्हतेच. ते गिरगावातल्या खोलीचे होते. मालकाच्या मेहताने सांगितलं होतं की खोलीचं भाडं कायद्याप्रमाणे एकोणीस रुपये, पावती मिळेल. पण आत एक कपाट आहे, ते तुम्हाला विकत घ्यावं लागेल. आजीच्या पाटल्या मोडल्या आणि कपाट आलं. आजोबांच्या जमाखर्चाच्या वहीत ती रक्कम "लाकूडसामान" या सदराखाली लिहिलेली आहे. आयुष्यात बसचं तिकीट सुद्धा न चुकवलेला माणूस!

ही झाली पागडी. (पुण्यात पगडी डोक्यावर घालायची वस्तू, मुंबईत पागडी मोजायची. कलकत्त्याचे लोक याच रकमेला सलामी म्हणतात. माल एकच.)

आता गंमत अशी की पागडी हा कायद्याने मोठा गुन्हा होता. गेले दोन वीकेंड मी हेच वाचत बसलो होतो, तेव्हा थोडा इतिहास सहन करा.

मुंबईत भाड्यावर पहिलं बंधन आलं ते पहिल्या महायुद्धाच्या वेळी, १९१८ मध्ये. दुसऱ्या महायुद्धात १९३९ आणि १९४४ मध्ये पुन्हा कायदे झाले, आणि मग आला तो प्रसिद्ध १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा. १ सप्टेंबर १९४० ला खोलीचं जे भाडं होतं तेच "प्रमाण भाडं". त्यात कर वगैरेपोटी थोडी वाढ करता यायची, बाकी काही नाही. कायदा तात्पुरता होता, आणि तात्पुरता म्हणूनच त्याला मुदतवाढ मिळत मिळत तो पन्नास वर्षं चालला. सॉफ्टवेअरवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. प्रॉडक्शनमध्ये सगळ्यात जास्त टिकतो तो "टेम्पररी फिक्स".

या कायद्याचं कलम १८ वाचलं तर ते करणाऱ्याची पावती द्यावीशी वाटते. मालकाने स्वतः किंवा त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी, प्रमाण भाड्याव्यतिरिक्त प्रीमियम, डिपॉझिट किंवा तसलं काहीही घेतलं तर तुरुंगवास आणि दंड. मध्ये दलाल किंवा मेहता उभा करून मालक नामानिराळा राहणार, हे त्यांनी आधीच ओळखलं होतं. कलम १९ उलट्या बाजूचं, खोली सोडताना जाणाऱ्या भाडेकरूने पैसे घेतले तर तोही गुन्हेगार. थोडक्यात डिपॉझिटची कायदेशीर मर्यादा होती शून्य. आज आपण दोन महिने की तीन महिने यावर भांडतो. तेव्हाचा नियम एकदम कडक होता.

आणि त्या कडक नियमाच्या राज्यात अख्खं शहर पागडीवर चाललं.

का, ते आजोबांच्या खोलीवरून बघू. कायद्याचं भाडं एकोणीस. बाबांच्या मते तशा खोलीला तेव्हा साठ रुपये देणारे सहज मिळाले असते. फरक महिन्याला एकेचाळीस, वर्षाला ४९२, पाच वर्षांचे २,४६०. कपाटाची किंमत अडीच हजार! मेहताने काही कॅल्क्युलेटर घेऊन हे काढलं नसणार, पण बाजाराला गणित येतंच. जे महिन्याला घेता येत नाही ते एकदम आगाऊ घ्यायचं, आणि कागदावर येऊ द्यायचं नाही. फाळणीनंतर शहरात माणसांचा पूर लोटलेला, कोकणातून घाटावरून रोज नवे लोक उतरतायत, नवीन चाळी बांधण्यात कुणाला रस नाही (एवढ्या भाड्यात कोण बांधेल?). मग जागेची किंमत कुठून तरी बाहेर येणारच.

मालक मंडळींना शिव्या घालणं सोपं आहे आणि आमच्या घरात ती परंपरा आहे. पण १९९० च्या दशकातसुद्धा त्या खोलीचं भाडं सगळे कर धरून शंभराच्या आत होतं. त्यात मालक जिना काय दुरुस्त करणार? त्याने नाही केला. सरकारला १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळ काढून जुन्या इमारतींवर उपकर बसवावा लागला. अशा उपकरप्राप्त इमारती १९ हजारांच्या वर होत्या. अनेक इमारती पावसाळ्यात पडल्या, माणसं गेली. भाडं गोठवलं म्हणून मालकाचं नुकसान झालं एवढीच ही गोष्ट नाही. जे आधीच आत होते त्यांना कायद्याने सांभाळलं, आणि जो ट्रंक घेऊन नव्याने दारात उभा होता त्याच्या बायकोच्या पाटल्या मोडल्या.

पुढे पागडीची स्वतःची शिस्त तयार झाली. भाडेकरू खोली "विकायचा", मालक नवीन माणसाच्या नावाने पावती फाडायचा आणि त्या बदल्यात व्यवहाराचा साधारण एक तृतीयांश हिस्सा घ्यायचा. दर ठरलेला, रिवाज ठरलेला, दलाली ठरलेली. सगळं बेकायदेशीर आणि सगळं शब्दावर. पावती मात्र एकोणीस रुपयांचीच.

दरम्यान वकील मंडळींनी आणखी एक वाट शोधली होती. भाडे नियंत्रण लागू होतं ते भाडेकरूला. मग त्याला भाडेकरू म्हणायचंच नाही! १८८२ च्या सुखाधिकार कायद्यात "लायसन्स" नावाची चीज आहे. जागेचा हक्क मिळत नाही, फक्त वापरायची परवानगी. झालं, लीव्ह अँड लायसन्सचे करार सुरू झाले. डिपॉझिट घ्या, अकरा महिन्यांनी बाहेर काढा, कायदा हात लावू शकत नाही. सरकारने १९७३ मध्ये हे भोक बुजवलं. १ फेब्रुवारी १९७३ ला जे लायसन्सवर राहत होते ते सगळे एका फटक्यात कायद्याने भाडेकरू झाले. मालकांनी त्यातून घ्यायचा तो धडा घेतला आणि रिकामे फ्लॅट कुलूप लावून ठेवले. किंवा द्यायचा तो कंपनीला, भरभक्कम बिनव्याजी डिपॉझिट घेऊन. साध्या माणसाला "पेइंग गेस्ट", "केअरटेकर", "लांबचा भाचा" अशी कुठली तरी भूमिका करावी लागायची. माझी एक आत्या लग्नानंतर दोन वर्षं विलेपार्ल्याला कुणाची तरी मामेबहीण होती.

१९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात म्हटलं की १९४० वर गोठवलेलं भाडं आता समर्थनीय राहिलेलं नाही. मग महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला. याचं कलम ५६ मी दोनदा वाचलं. भाडेकरूने जागा सोडण्याबद्दल आणि मालकाने ती देण्याबद्दल किंवा हस्तांतराला संमती देण्याबद्दल रक्कम घेणं आता कायदेशीर! बावन्न वर्षं जो गुन्हा होता तो एका कलमाने व्यवहार झाला. मर्यादा शून्यावरून थेट अमर्याद.

आजोबा १९९४ मध्ये गेले. सहा वर्षं थांबले असते तर वहीत खरं लिहिता आलं असतं.

आता परत ठाण्याला येऊ. आपल्या राज्यात डिपॉझिटला कमाल मर्यादा नाही, तर मग एजंटला बारा लाख लपवायचे कशाला? मला वाटलं स्टॅम्प ड्युटी वाचवायला. करारावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, आणि त्यात गंमत म्हणजे परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के काल्पनिक व्याज धरून ते भाड्यात मिळवतात. हेवी डिपॉझिट हे वेषांतर केलेलं भाडं आहे हे सरकारला पक्कं माहीत आहे! दोन वर्षांचा हिशोब केला. एक लाख आणि बावीस हजारवर शुल्क १,३७० रुपये. पंधरा लाख आणि दहा हजारवर १,३५०. जवळजवळ सारखंच. तीन लाख दाखवून दहा हजार भाडं लावलं तर ७५०. म्हणजे बचत फक्त सहाशे रुपये!

सहाशे रुपयांसाठी कोणी बारा लाख लपवत नाही. ते लपवायचे असतात कारण मालकाला ते कुठे दिसायला नको असतात. कुणाला, ते तोच जाणे. दिसत नाहीत ते परत करायची घाईही नसते. उद्या वाद झाला तर नोंदणी झालेल्या करारात तीन लाख, आणि माझ्या हातात एक साधा कागद.

जाता जाता एक कामाची गोष्ट. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, नोटरी पुरते, असं अजून सर्रास सांगतात. तो नियम १९०८ च्या नोंदणी कायद्यातला. महाराष्ट्रात २००० पासून लीव्ह अँड लायसन्सचा करार कितीही महिन्यांचा असो, नोंदवावाच लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदवला नाही तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. एजंटला हे सांगितलं की तो लगेच बायोमेट्रिकवाल्याला फोन लावतो, स्वानुभव.

दिल्लीच्या मॉडेल टेनन्सी कायद्यात (२०२१) घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा सुचवली आहे, पण राज्याने स्वतःचा कायदा केला तरच ती लागू. तसं झालं तर काय होईल? लंडनला असलेला माझा मित्र सांगतो, तिकडे २०१९ मध्ये डिपॉझिटला साधारण पाच आठवड्यांच्या भाड्याची मर्यादा आली. परदेशातून आलेला, स्थानिक जामीन नसलेला माणूस दिसला की मालक म्हणायचे, डिपॉझिट पाचच आठवडे हो, फक्त सहा महिन्यांचं भाडं आगाऊ द्या. शेवटी २०२५ च्या कायद्यात आगाऊ भाड्यालाही एका महिन्याची वेसण घातली. इथे काय नाव निघेल? माझी पैज "फर्निचर चार्जेस"वर आहे :)

असो. मी एजंटला म्हटलं, पंधराच्या पंधरा लाख करारात आणि चेकने, तर करतो. त्याने मालकाला विचारून सांगतो म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं की मालक "सिंपल माणूस आहे, एवढं कागदपत्र त्याला नको". मग एक लाख आणि बावीस हजारवाला दुसरा फ्लॅट घेतला, पाचपाखाडीत. हॉल जरा अंधारा आहे. हेवी डिपॉझिटवाल्याला आठवडाभरात गिऱ्हाईक मिळालं, एजंटनेच सांगितलं. नवीन लग्न झालेलं जोडपं आहे म्हणे, जळगावचं.

बाबा विचारत होते, नवीन घरात कपाट पाहिजे का.